भाजणीला कुणाचा हात?



या अंकाचं संपादकीय मी तीन वेळा लिहायला घेतलं आणि तीन वेळा बाजूला ठेवलं. बाहेरच्यांवर लिहायचं असतं तेव्हा आपली लेखणी कशी धावते! या वेळी लिहायचं आहे ते आपल्याच घरातलं, आणि त्यात माझीही सही आहे.

मी काम करते त्या तालुक्याच्या गावी काही वर्षांपूर्वी अकरा बचत गटांनी मिळून ग्राहक सहकारी संस्था नोंदवली. प्रत्येकीने पाचशे रुपयांचा भाग घेतला. एस.टी. स्टँडच्या मागच्या बाजूला गाळा भाड्याने घेऊन किराणा दुकान सुरू झालं. तेल, साखर, साबण, झाडू हे बाहेरून आणायचं आणि भाजणी, मसाले, शेवया, कुरडया आपल्या बायकांनी करायच्या. उद्घाटनाला भाषण माझं होतं. 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांपासून मी सुरुवात केली होती आणि आता आपण गल्ल्याच्या या बाजूला आलो आहोत, असं काहीसं म्हटलं होतं. टाळ्या मिळाल्या.

दुकानात सातजणी कामाला. प्रत्येकीला बसायला स्टूल दिलं, याचा आम्हाला फार अभिमान होता. केरळमध्ये कापडाच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभं ठेवत, त्याविरुद्ध त्या लढल्या आणि 2018 साली तिथल्या सरकारला कायद्यात बसण्याची सोय घालावी लागली. आम्ही ते कुणी न सांगता केलं होतं. पण कुणाचं स्टूल कुठे मांडायचं, हा प्रश्न आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता.

भाजणी करणारी बाई बौद्ध वस्तीतली. तिचं नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हटलं आहे. धान्य किती भाजायचं, धने कधी घालायचे, हे तिच्याइतकं कुणाला जमत नसे. पहिल्या वर्षी दिवाळीआधी भाजणी पुरली नाही. मग नेहमीच्या एका गिऱ्हाईक बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "भाजणी कुणाच्या हातची हो?" गल्ल्यावरच्या मुलीने भाबडेपणाने नाव सांगितलं. आडनावासकट. पुढच्या दोन महिन्यांत भाजणीची पाकिटं फळीवर राहू लागली. भांडण नाही, तक्रार नाही. नुसती पाकिटं राहू लागली.

संचालक मंडळाची सभा झाली आणि 'ग्राहकांच्या सोयीस्तव कामाची फेरवाटणी' असा ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला. भाजणी दुसरीकडे गेली. ती साबण, फिनेल आणि झाडूंच्या फळीवर आली. पगार तोच. कामाचा नवा तक्ता सल्लागार म्हणून माझ्याकडे आला, मी वाचला आणि सही केली. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कळलं होतं. दुकान बुडेल ही भीती त्याहून मोठी वाटली.

आठवड्याने ती भागाचा दाखला घेऊन माझ्याकडे आली. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझे पाचशे परत द्या ताई. पैसे चालले, हात चालत नाही."

त्यानंतर मी सहकाराची जुनी पुस्तकं पुन्हा काढली. एम.एस.डब्ल्यू.ला असताना परीक्षेपुरती वाचली होती. 1844 च्या डिसेंबरात इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अठ्ठावीस विणकर-कारागिरांनी पीठ, लोणी, साखर अशा चार जिनसांवर दुकान उघडलं, हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. भेसळ नाही, माप पूर्ण, आणि एका सभासदाला एक मत. पुढे त्यांनी वाढाव्यातला अडीच टक्के हिस्सा सभासदांच्या शिक्षणासाठी वेगळा काढायला सुरुवात केली, हे मात्र आपण घाईघाईत उरकतो. किराणा दुकानाला शिक्षणाचा खर्च कशाला? गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यायला तर कुठलाही दुकानदार बसलेला असतोच.

त्याच चळवळीत 1883 साली विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड स्थापन झालं. त्यात होत्या बहुतेक कामगारांच्या बायका, म्हणजे सहकारी दुकानाच्या गिऱ्हाईक. दुकान सहकारी असलं तरी तिथे काम करणाऱ्या मुलींना मजुरी तुटपुंजी मिळते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. मार्गारेट लेवेलिन डेव्हिस तेव्हा गिल्डच्या सरचिटणीस होत्या. 1912 साली सहकारी घाऊक सोसायटीला बायका-मुलींसाठी किमान वेतन मान्य करावं लागलं. मजुरी कमी राहण्यात गिऱ्हाइकाचा फायदा असतो, आणि त्या गिऱ्हाईक असूनही कामगार बायकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. आमच्या सभेत मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "त्या विलायतेच्या. त्यांना काय जात होती?" प्रश्न बरोबर होता.

म्हणून मग मुंबईच्या गिरण्यांचं सांगितलं. साचाखात्यात पगार चांगला, पण तिथे दलित कामगाराला घेत नसत. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या धोट्याला आपलं तोंड कसं लावायचं, असं इतर कामगार म्हणत. एकाच मालकाविरुद्ध एकत्र लढणारे कामगार होते ते. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मालकाशी भांडताना एकजूट आणि कामाच्या वाटणीत विटाळ, दोन्ही एकाच छपराखाली नांदत होतं. आमच्याकडे तर मालकही नव्हता, दोष द्यायला.

आणि हे जुनं झालं म्हणावं, तर 2017 साली पुण्यात स्वयंपाकीण बाईने जात लपवून सोवळं मोडलं म्हणून एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार केली होती. तेव्हा आपण सगळ्यांनी निषेधाची पत्रकं काढली. मीही काढलं होतं. ठरावाची भाषा जरा सौम्य असली की निषेध कुणाचा करायचा, तेच कळेनासं होतं.

कायदा काय म्हणतो? अस्पृश्यता घटनेनेच संपवली, दुकानात येण्यापासून कुणाला अडवता येत नाही. 2011 च्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर अनुसूचित जाती-जमातीसाठी एक आणि स्त्रियांसाठी दोन जागा राखल्या गेल्या. आमच्या मंडळात ती एक जागा रीतसर भरलेली होती. त्या बाईंनीही ठरावावर सही केली होती. मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "दहाजणींत एकटी मी. बोलले असते तर उद्या माझ्या हातचा चहाही कुणी घेतला नसता." भाजणीच्या पातेल्यापाशी कोण असावं, याला राखीव जागा नसते.

तीन सभा झाल्या. पहिल्या सभेत सगळ्याजणी एकमेकींना समजावत होत्या की आपल्या मनात काही नाही हो, गिऱ्हाइकाच्या मनात आहे. दुकान बंद पडलं तर तिचाही पगार जाईल, हा मुद्दा खजिनदार बाईंनी मांडला, आणि तो खोटा नव्हता. सात घरांची चूल त्यावर आहे. ज्यांना हिशोब ठेवावा लागत नाही त्यांनी (यात मीही आले) या मुद्द्याला नाकं मुरडू नयेत. पण मग तिने विचारलं, "माझ्या हातची भाजणी तुमच्यापैकी किती जणींनी मागच्या महिन्यात घरी नेली?" सभासद आम्ही शंभरावर. नेणाऱ्या चौघी निघाल्या. गिऱ्हाईक गिऱ्हाईक म्हणून ज्याच्या नावाने बोट मोडत होतो, ते तिथेच सतरंजीवर बसलेलं होतं.

दुसऱ्या सभेत तोड निघाली की दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून कामं वाटायची. मला फार आवडली. कुणाला वाईट वाटायला नको, कुणावर आरोप नको. तिला नाही आवडली. "चिठ्ठीआड कशाला लपता? तोंडानं सांगा की काय झालं होतं ते." तिची मागणी एवढीच होती की प्रोसिडिंगमध्ये 'सोयीस्तव' हा शब्द खोडून तिथे 'जातीमुळे' असं लिहावं. यावर जेवढा वाद झाला तेवढा पैशांवरून आमच्यात कधी झाला नव्हता. पुस्तक ऑडिटरपुढे जातं, संस्थेची बदनामी होईल, तिच्यावरच उलटेल, असं बरंच काही. दोघी उठून गेल्या. त्यातली एक माझ्या पहिल्या शिबिरातली, मी जिच्या जिवावर पुढचे गट बांधले ती. अजून बोलत नाही माझ्याशी.

तिसऱ्या सभेत शब्द लिहिला गेला. जुना ठराव रद्द झाला, कामं पाळीपाळीने फिरायची ठरली, आणि आपल्याकडे होणारा प्रत्येक पदार्थ आधी सभासदांच्या घरी जाईल असंही ठरलं. तक्त्यावरची माझी सही चुकीची होती, हे मी त्याच पानावर लिहून दिलं.

भाजणी अजून पहिल्यासारखी खपत नाही. दोन गटांनी खरेदी थांबवली आहे. भागाचा दाखला माझ्या कपाटात आहे. तो तिने परत नेलेला नाही आणि पैसेही मागितलेले नाहीत. पुढच्या महिन्याच्या पाळीत भाजणीपुढे तिचं नाव आहे. मी येईन की नाही ते आत्ता सांगत नाही, म्हणाली.

तुमच्यापैकी अनेकींच्या गटांची दुकानं आहेत, खानावळी आहेत, पोळी-भाजी केंद्रं आहेत. तिथे गल्ल्यावर कोण बसतं, कणीक कोण मळतं, भांडी कोण घासतं, आणि हे कुठल्या सभेत, कुठल्या शब्दांत ठरलं, ते आम्हाला लिहून कळवा. संस्थेचं नाव द्यायलाच हवं असं नाही. ठरावाचा शब्द मात्र जसाच्या तसा लिहा.