रोप फुकट मिळालं, पण बी कुणाचं?



जूनमध्ये पाऊस पडला की रोपांच्या गाड्या गावात येतात. आपण पिशवीकडे बघून विचारतो, कशाचं रोप आहे? साग, कडुलिंब, चिंच, करंज असं उत्तर मिळतं आणि खड्डे खणायला सुरुवात होते. ज्वारीचं बियाणं घेताना मात्र आपण असं करत नाही. वाण कोणता, कोरडवाहूला चालेल का, बी कुणाकडचं, हे सगळं विचारून मग पैसे देतो. चार महिन्यांत निघणाऱ्या ज्वारीची एवढी चौकशी, आणि जे झाड नातवंडांच्या काळापर्यंत उभं राहणार त्याची काहीच नाही. हवामान ज्या वेगाने बदलतंय ते बघता ही सवय आता मोडायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगतो. केसर आंब्याची शंभर कलमं लावली तर ती एकाच झाडाच्या शंभर प्रती. फळ सारखं, गुण सारखे आणि खोडीही सारख्याच. रायवळचं तसं नाही. एकाच झाडाखालच्या कोया लावल्या तरी कुठलं झाड आंबट निघतं, कुठलं गोड, कुठलं लवकर मोहरतं, कुठलं पाण्याविना तग धरतं. जंगल म्हणजे सगळा रायवळ कारभार. एका डोंगरावरचे दोन साग दिसायला सारखे असतील, पण आतून वेगळे.

या वेगळेपणावरच जंगल बदलत्या हवेशी जुळवून घेतं. मोठं झाड आयुष्यभरात हजारो बिया टाकतं. उगवलेली बहुतेक रोपं पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांतच जळून जातात. ज्याचं मूळ लवकर खोल गेलं, ज्याला कमी पाणी पुरलं, ते वाचतं. पुढे बी त्याचंच पडतं. अशी चाळणी पिढ्यानपिढ्या चालली की त्या भागातली झाडं त्या भागाला साजेशी होतात. दुष्काळाच्या वर्षी साग पानं लवकर गाळतो ती गोष्ट वेगळी. ते त्या झाडाने त्या वर्षापुरतं भागवणं झालं. गुण पुढच्या पिढीत उतरायला चाळणी लागते, आणि चाळायला तऱ्हेतऱ्हेचं बी लागतं.

अडचण वेळेची आहे. ज्वारीची दरवर्षी एक पिढी, म्हणजे शंभर वर्षांत शंभर वेळा निवड. जंगली झाडाच्या तेवढ्याच काळात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या पिढ्या होतात. आज लावलेला साग आजच्या हवेत उगवणार आणि 2100 सालच्या हवेत उभा असणार. मधे वाण बदलायची सोय नाही.

काहीजण म्हणतात, "जंगलाने हिमयुगं बघितली, त्याला तुम्ही काय शिकवता?" बरोबर आहे. पण तो बदल हजारो वर्षांत झाला आणि पसरायला मोकळं रान होतं. बी आणि पराग हळूहळू पुढे सरकत गेले. आता मधे शेतं, रस्ते, धरणं, गावं आहेत. एका टेकडीचा पराग दुसरीवर पोचेलच असं नाही.

त्यात आपण उलटी निवड करतो. आपली जुनी माणसं खळ्यावर सगळ्यात भरदार कणीस बियाण्याला बाजूला काढायची. झाडांच्या बाबतीत सरळ, भरदार खोड आधी तोडलं जातं आणि वाकडं-तिकडं बी टाकायला मागे राहतं. रोपांसाठी बी गोळा करतानाही बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेची दोन-चार सोयीची झाडं गाठली जातात. मग रोपं हजार, पण आई दोन-चारच. आजूबाजूला जातीचं दुसरं झाड नसलेल्या एकट्या झाडाचं बी तर बऱ्याचदा कमजोर निघतं, कारण ते स्वतःच्याच परागाने धरलेलं असू शकतं. टिश्यू कल्चरचा साग विकायला येणारे सांगतात की सगळी झाडं एकसारखी वाढतील. एका आईची नक्कल असल्यावर सारखी वाढतील, आणि एखादं संकट सोसेना तर सारखीच बसतील. लाकडासाठी तुमच्या रानात लावायचा तर लावा, हिशोब तुमचा. पण गायरान आणि डोंगर त्याने भरू नका.

साग म्हटलं तरी सगळा साग एक नाही. केरळातल्या निलांबूरचा साग भरपूर पावसात पिढ्यानपिढ्या वाढलेला आणि मध्य भारतातला साग कोरड्या उन्हाळ्यात तावून निघालेला. म्हणूनच सागाच्या ठिकठिकाणच्या बियांच्या तुलनात्मक चाचण्या अनेक देशांत झाल्या आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1974 मध्ये लॉजपोल पाइनचं 140 ठिकाणचं बी 60 जागांवर लावून बघितलं. सगळीकडे चांगलं येईल असं एकच बी काही मिळालं नाही. असल्या चाचण्यांच्या आधारावर तिथल्या सरकारने नियमच बदलला. आधी आसपासचंच बी लावायचं असा ढोबळ नियम होता. आता जिथे लावायचं तिथलं पुढचं हवामान बघून बी निवडतात, आणि 2022 पासून ते सक्तीचं आहे.

म्हणजे "आपलं गावठी तेच बरं" हेही डोळे झाकून धरता येणार नाही. माझ्या मते बहुतेक बी आपल्याच भागातलं असावं, आणि त्यात थोडं आपल्यापेक्षा कोरड्या, उष्ण भागातलं मिसळावं. सगळा डाव एका बाजूला लावायचा नाही.

करायचं काय, ते थोडक्यात:

1) बी गोळा करताना एका जातीची किमान 25-30 झाडं धरा, एकमेकांपासून शंभर-एक मीटर लांबची. सगळ्यांचं बी सारख्या मापाने घेऊन मिसळा.

2) रोपवाटिकेच्या पाटीवर जातीच्या नावाखाली एक ओळ वाढवा: बी कुठल्या गावचं, किती झाडांचं, कुठल्या सालचं. खडू तेवढा लागतो.

3) चांगलं जुनं झाड तोडण्याआधी दहा वेळा विचार करा. दुष्काळ सोसून उभं राहिलेलं झाड म्हणजे पास झालेलं बियाणं आहे.

4) बांधावर चार देशी झाडं ठेवा. मधमाश्या आणि वटवाघळं त्यांच्या आधाराने एका रानातून दुसऱ्या रानात जातात, आणि त्यांच्याबरोबर पराग आणि बीही जातं.

5) डोंगरावर आपोआप उगवलेली रोपं चराईपासून राखा. खरी चाळणी तिथे चालू असते.

2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. किती लावली आणि किती जगली यावर भरपूर वाद झाला, व्हायलाच पाहिजे. पण त्यांचं बी कुठून आलं, यावर चर्चा झालेली माझ्या ऐकण्यात नाही. जगलेलं झाडही उद्या बी टाकणार आहे. ते बी पुढच्या हवेला टिकणार का, हे आज आपण काय लावतो त्यावर ठरतंय.

येत्या ग्रामसभेत गायरानाच्या लागवडीचा विषय आला की मी हा प्रश्न मांडणार आहे. तुम्हीही तुमच्याकडे विचारा. आणि तुमच्या शिवारात 1972 चा दुष्काळ बघितलेलं एखादं झाड अजून उभं असेल तर कोणतं आणि कुठल्या गावात, ते खाली लिहा. यंदा बी तिथूनच गोळा करायला सुरुवात करू.