बटण दाबले की डिझेल वाचते काय?



या वेळचा प्रश्न चारठाण्याहून आला आहे, आणि तो विचारणारी एका घरची माऊली आहे. घरी थोडी जमीन, तीत कापूस, सोयाबीन आणि तूर. थोरल्या मुलाने कर्ज काढून पिकअप घेतली. गावातला माल तो जिंतूर, मंठा, परभणीच्या बाजाराला नेतो, येताना मिळाले तर भाडे आणतो, आणि त्यातून महिन्याचा हप्ता भरतो. गाडीत 'इको' असे लिहिलेले एक बटण आहे. घरधनी म्हणतात, ते बटण कायम दाबून ठेव, कंपनीने ते शोभेला दिलेले नाही. मुलगा म्हणतो, इकोवर गाडी ओढत नाही, चढाला पाय तळाला टेकवावा लागतो, मग वाचले काय? रोज जेवायला बसले की बापलेकाचा वाद सुरू. शिवाय घरधन्यांनी मुलाला आणखी एक युक्ती सांगितली आहे, की उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची. दोघांत खरे कोणाचे, एवढेच त्या माऊलीला हवे आहे.

ताई, बटणाच्या बाबतीत दोघेही निम्मेनिम्मे खरे आहेत. उताराच्या बाबतीत मात्र घरधन्यांचे म्हणणे साफ चुकीचे आहे, आणि ती चूक जिवावर बेतणारी आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी हे बटण करते काय ते पाहू. पूर्वीच्या गाड्यांत एक्सलेटरचा दांडा तारेने किंवा सळईने थेट डिझेलच्या पंपाला जोडलेला असे. पाय जेवढा दाबला तेवढे डिझेल सुटायचे. आता तसे नाही. पेडलखाली एक सेन्सर असतो. पाय किती दाबला हे तो गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो, आणि डिझेल किती सोडायचे ते संगणक ठरवतो. इको बटण दाबले की संगणकाचा हात जरा आखडतो. पाय तेवढाच दाबला तरी तो पहिल्यापेक्षा कमी डिझेल सोडतो. काही गाड्यांत इंजिनाची जास्तीत जास्त ताकदही रोखली जाते, आणि थंड हवेचे यंत्र असले तर तेही जरा कमी चालवले जाते. एवढेच. इंजिनाच्या पोटात काही बदल होत नाही. एका थेंबातून जेवढे काम आधी निघत होते, साधारण तेवढेच बटण दाबल्यावरही निघते.

मग फायदा कुठून होतो? फायदा होतो तो चालवणाऱ्याच्या पायाला लगाम बसतो म्हणून. ज्याला जोरात रेस देऊन गाडी उचलायची, मग पुढे बैलगाडी दिसली की करकचून ब्रेक मारायचा, परत रेस द्यायची अशी सवय आहे, त्याची गाडी इकोवर हळूहळू वेग घेते आणि डिझेल खरोखर वाचते. वेग घ्यायला जे डिझेल जाळले, ते ब्रेक मारला की सगळे चाकांत ऊन होऊन उडून जाते. जो मुळातच सबुरीने चालवतो, त्याला बटणाने फारसे काही मिळत नाही. आणि जो इकोवर गाडी सुस्त वाटते म्हणून पाय आणखी खोल दाबतो, त्याला काहीच मिळत नाही. संगणकाने जे आखडून धरले ते तो पायाने परत काढून घेतो. ताई, तुमच्या मुलाची तक्रार इथे बसते.

आता ओझ्याचे. चारठाण्याहून जिंतूरकडे जाताना रस्ता सपाट नाही, चढउताराचा आहे. गाडी मालाने भरलेली, पुढे चढ, आणि इंजिनाची ताकद रोखून ठेवलेली, तर काय होईल? वेग पडेल, एक गिअर खाली घ्यावा लागेल, आणि इंजिन जास्त फेऱ्या घेऊन तोच चढ चढेल. भरल्या गाडीला चढावर इको ठेवण्यात कमाई नाही. गाड्या बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. महिंद्राने 2016 साली ब्लेझो हा मोठा ट्रक आणला, त्यात चालवण्याचे तीन प्रकार दिले. एक हलक्या ओझ्यासाठी, एक भारी ओझ्यासाठी आणि एक पुऱ्या ताकदीसाठी. ओझे आणि रस्ता पाहून चालकाने बटण फिरवायचे. टाटांनी 2019 साली आणलेल्या इंट्रा या छोट्या मालगाडीत इको बटण दिले, आणि गिअर कधी बदलावा हे सुचवणारी खूणही दिली. म्हणजे एकच बटण बारा महिने दाबून ठेवावे, असे बनवणाऱ्यांचेही म्हणणे नाही.

तेव्हा घरात असे ठरवा. रिकामी किंवा अर्धी गाडी, सपाट रस्ता, बाजारातली गर्दी, गावातले रस्ते, इथे इको चालू. भरली गाडी आणि चढ, इथे बंद. आणि पुढच्या एसटीला किंवा उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायचे असेल तेव्हा आधी बटण बंद करायचे आणि मगच बाहेर निघायचे. समोरून गाडी येत असताना आपली गाडी अर्ध्यात सुस्तावली, तर वाचलेल्या डिझेलचा हिशोब करायला कोणी उरत नाही.

उताराचे आता सांगतो. उतारावर न्यूट्रल केले की डिझेल वाचते, ही समजूत फार जुनी आहे आणि पुष्कळ जुन्या चालकांच्या डोक्यात ती पक्की बसली आहे. आजच्या गाड्यांना ती लागू नाही. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि संगणक डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रल केले तर इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहावे म्हणून डिझेल जाळावेच लागते. म्हणजे वाचण्याऐवजी जातेच. त्याहून वाईट असे की गिअरमध्ये इंजिन गाडीला जो आवर घालते तो न्यूट्रलमध्ये सुटतो, सगळे ओझे ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक धरेनासे होतात. काही महाभाग याच्याही पुढे जाऊन चावी फिरवून इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत एकदोनदा दाबेपर्यंतच टिकते, मग पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि चावी काढली तर स्टिअरिंगला कुलूपच लागते. ताई, बटणाचा वाद पुढे चालू राहिला तरी हरकत नाही, ही एक गोष्ट मात्र आजच्या आज घरात बंद करा. ज्या गिअरने चढ चढला त्याच गिअरने तो उतरायचा, ही जुन्या ट्रकवाल्यांची रीत आहे आणि ती आजही खरी आहे.

डिझेल वाचवण्याची ही ओढ काही आजची नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि पिंपामागे 3 डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांतच 11 डॉलरच्या वर गेला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही 1974 साली देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची, वेगमर्यादा घालावी लागली. आपल्याकडे 1978 साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था निघाली. ताशी 45 ते 55 किलोमीटर वेग ठेवा हा तिचा सल्ला पेट्रोल पंपावरच्या पाट्यांवर आपल्यापैकी पुष्कळांनी वाचला असेल. आपला देश अजूनही कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो.

त्या सल्ल्यामागे साधे गणित आहे. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या पटीत नाही, वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 60 वरून 80 वर गेलात तर हवा जवळजवळ पावणेदोन पट जोराने मागे ढकलते. कापसाने फुगलेली, वर ताडपत्री फडफडणारी पिकअप असेल तर विचारूच नका. आणि मिळते काय? 60 किलोमीटरच्या वाटेत 80 ने गेले तर 45 मिनिटे, 60 ने गेले तर तासभर. पंधरा मिनिटे वाचतात, आणि ती बहुधा आडतीवर मापाच्या रांगेतच जातात.

ट्रॅक्टरवाल्यांनी इथे कान द्यावा, कारण बटणाचा खरा मोठा भाऊ ट्रॅक्टरवर आहे. पुष्कळ नव्या ट्रॅक्टरांना पीटीओच्या दोन चाली असतात, साधी 540 आणि इकॉनॉमी 540. पीटीओचा दांडा दोन्ही चालींत मिनिटाला 540 फेऱ्याच घेतो. साध्या चालीत त्यासाठी इंजिनाला साधारण दोन हजारांच्या आसपास फेऱ्या घ्याव्या लागतात, इकॉनॉमीत दीड-सोळाशेत काम होते. पिकअपच्या बटणापेक्षा हे वेगळे आहे, कारण इथे इंजिन खरोखर कमी फिरते. इंजिनाची प्रत्येक फेरी स्वतःच्या घर्षणात काही डिझेल खातेच, जसा बैल मोकळा चालला तरी वैरण खातोच. फेऱ्या कमी, तर ती फुकटची वैरण कमी. फवारणीचा ब्लोअर, छोटा जनरेटर, पाण्याचा पंप अशा हलक्या कामाला इकॉनॉमी चाल घ्यावी. ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर किंवा भरून चालणारे मळणी यंत्र असेल तर साधीच चाल घ्यावी.

ज्यांच्या ट्रॅक्टरला अशी चाल नाही त्यांनी हलक्या कामाला, म्हणजे कुळवणीला किंवा रिकाम्या ट्रॉलीला, एक गिअर वरचा घ्यावा आणि रेस कमी करावी. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात 1920 पासून ट्रॅक्टरांच्या सरकारी चाचण्या होतात. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला तसे केंद्र आहे. अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसून येते की हलक्या ओझ्याला ही रीत डिझेल चांगलेच वाचवते. मात्र इंजिन धडधडू लागले, काळा धूर सोडू लागले की समजावे, गिअर फार वरचा झाला. ट्रॅक्टर बांधावर उभा करून इंजिन चालू ठेवून गप्पा मारण्याने तासाला सुमारे लिटरभर डिझेल जाते, हेही जाता जाता सांगतो. याला कोणतेच बटण उपयोगी नाही.

आता पुन्हा ताईंकडे. माझ्या बोलण्यावर किंवा कंपनीच्या जाहिरातीवर विसंबू नका, घरीच मापून पाहा. गाडीतल्या पाटीवर दिसणारे ॲव्हरेज हा संगणकाचा अंदाज असतो, खरा हिशोब पंपावर होतो. एकाच पंपावर, टाकी आपोआप बंद होईपर्यंत भरायची आणि किलोमीटर वहीत लिहायचे. आठवडाभर मी वर सांगितले त्या रीतीने इको वापरायचा. परत तशीच टाकी भरायची, किती लिटर बसले ते लिहायचे. दुसऱ्या आठवड्यात बटणाला हातच लावायचा नाही. माल आणि वाट दोन्ही आठवड्यांत साधारण सारखी असावी, आणि असे दोनदा करावे. एकदाच केले तर एखादी भरली फेरी सगळा हिशोब बिघडवते. वही मुलाने ठेवू नये आणि घरधन्यांनीही ठेवू नये. ताई, वही तुम्ही ठेवा.

समजा बटणाशिवाय 640 किलोमीटरला 42 लिटर लागले आणि बटणावर 655 किलोमीटरला 41 लिटर. पहिले ॲव्हरेज 15.2, दुसरे 16 च्या जवळ. महिन्याला तीन हजार किलोमीटर गाडी चालत असेल तर 9 लिटर वाचले. लिटरला 90 रुपये धरले तर 800 रुपये झाले. हे थोडे नाही. वर्षाला साडेनऊ हजार होतात, मुलीच्या कॉलेजच्या एसटी पासाला ते पुरतात. पण याच वहीत दुसरेही एक पान पाडा. कोणत्या दिवशी गाडी बाजारातून रिकामी परत आली ते लिहा. 60 किलोमीटर रिकामे यायला साडेतीन-चार लिटर लागतात. महिन्यात अशा तीन फेऱ्या झाल्या की बटणाची सगळी कमाई गेली आणि वर खिशातून गेले ते वेगळेच. त्या 60 किलोमीटरला कोणी पेंडीची, खताची चार पोती दिली तरी हिशोब पालटतो. जिंतुरात आणि परभणीत दोनचार दुकानदारांशी मुलाने बोलून ठेवावे. गाडी कोणत्या वारी येणार हे त्यांना आधीच ठाऊक असले तर माल मिळतो.

चाकातली हवाही पाहा. हवा कमी असली की चाक चेपते, गाडी जड चालते आणि टायरही लवकर जातो. हवा किती असावी हे बहुधा दारापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते, रिकाम्याला किती आणि भरल्याला किती. हवा गाडी थंड असताना पाहायची. एअर फिल्टरही धुळीच्या दिवसांत जरा लवकर पाहावा, आपल्याकडच्या मातीच्या रस्त्यांवर तो लौकर भरतो. एप्रिल 2020 पासूनच्या नव्या नियमांच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. जवळच्या जवळ, हळूहळू फेऱ्या मारून ती कोंडते आणि समोर दिवा लागतो. तो लागला तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे गाडी थोडा वेळ मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी. त्या दिवशी काटकसर बाजूला ठेवावी.

ताई, बापलेकांपैकी कोणाला काय सांगायचे ते आता तुम्हीच ठरवा. चार आठवड्यांनी वही भरली की त्यातले आकडे आम्हाला कळवा. तुमचे नाव न घालता ते याच पानावर देऊ, म्हणजे बाकीच्यांनाही आपल्या गाडीशी ताडून पाहता येतील. कोणाच्या ट्रॅक्टरला इकॉनॉमी चाल असेल त्यांनी फवारणीच्या एका दिवसाचे डिझेल दोन्ही चालींवर मापून तेही लिहावे.