काळ, काम, वेग आणि निरोप

काळ-काम-वेगाची गणितं तुम्ही सोडवलीच असतील. एका बाईला एक शेत खुरपायला १२ दिवस लागतात, तर १२ बायांना किती? तुम्ही झटकन सांगाल, एक दिवस! खुरपणीत हे उत्तर बरंचसं खरंही ठरतं. प्रत्येकीने आपापली पात धरायची आणि पुढे सरकायचं. शेजारणीला काही विचारावं लागत नाही.

पण सगळी कामं खुरपणीसारखी नसतात बरं का!

समजा, गॅदरिंगसाठी पताकांची माळ करायची आहे. कागद कापायला १० मिनिटं, दोरा मोजून तयार करायला १० मिनिटं आणि हे दोन्ही झाल्यावर पताका चिकटवायला ५ मिनिटं. सुमी एकटी बसली तर तिला २५ मिनिटं लागतील. गणू शेजारी येऊन बसला तर? सुमी कागद कापील, गणू दोरा बघेल. १० मिनिटांत दोन्ही तयार, मग चिकटवायला ५. एकूण १५ मिनिटं. छान!

आता समजा, गणू दुसऱ्या वाडीत राहतो आणि घरीच दोरा तयार करतो. तो घेऊन सुमीकडे यायला त्याला १५ मिनिटं लागतात. करा बेरीज: १० + १५ + ५ = ३०. म्हणजे मदतनीस मिळाला आणि काम ५ मिनिटांनी लांबलं! गणू आळशी नाही, सुमीही नाही. वेळ खाल्ला तो वाटेने.

अगदी हाच पेच सुपरकॉम्प्युटरपुढे असतो. सुपरकॉम्प्युटर म्हणजे एकच राक्षसी डोकं नव्हे. त्यात हजारो प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारे भाग, एकाच वेळी राबत असतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागतं आणि ते पोचायला वेळ जातो. हा वेळ सेकंदाचा अगदी बारीकसा तुकडा असतो. पण तेवढ्यात प्रोसेसरची हजारो गणितं करून झाली असती!

एवढी घाई कशासाठी, असं विचाराल. आमच्या अवसरी खुर्दला (ता. आंबेगाव) उन्हाळ्यात या. कांदा काढून शेतात पडलेला असतो. अवकाळी पाऊस येणार हे आदल्या दिवशी कळलं तर कांदा झाकता येतो, बराखीत हलवता येतो. पाऊस पडून गेल्यावर आलेला अंदाज काय कामाचा? तेव्हा गणित नुसतं बरोबर असून चालत नाही, ते वेळेत सुटावं लागतं.

इंग्लंडच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हवामानाचं असं गणित हाताने सोडवून पाहिलं होतं. फक्त ६ तासांच्या हवामानासाठी त्यांना सुमारे ६ आठवडे लागले! मग १९२२ साली आपल्या पुस्तकात त्यांनी एक गंमतशीर कल्पना मांडली. एक प्रचंड गोल सभागृह, त्याच्या भिंतींवर जगाचा नकाशा आणि आपापल्या भागाचं गणित करणारी ६४ हजार माणसं. प्रत्येकाने आपलं उत्तर शेजाऱ्याला दाखवायचं, कारण आज शेजारी असलेला ढग उद्या आपल्याकडे येणार ना! मधल्या उंच मनोऱ्यावरचा प्रमुख पुढे पळणाऱ्यांवर गुलाबी दिवा टाकणार आणि मागे पडणाऱ्यांवर निळा. कारण एक जण मागे पडला, की सगळे खोळंबतात.

हे स्वप्न पुढे यंत्रांनी खरं केलं आणि त्यातलं एक यंत्र आपल्या पुण्यातलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर तयार केला. त्यात ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला इतरांशी बोलण्यासाठी चार जोडण्या होत्या. जणू घराला चारी दिशांनी चार दारं!

आता कामाची वाटणी कशी करायची, ते पाहू. वहीत १२ × १२ घरांचा चौकोन काढा. हा आपला नकाशा. घरं १४४, प्रोसेसर ४, म्हणजे प्रत्येकाला ३६ घरं. पण कशी द्यायची? उभ्या चार पट्ट्या पाडल्या तर मध्ये तीन बांध येतात. प्रत्येक बांध १२ घरांचा, म्हणजे ३६ ठिकाणी शेजाऱ्याशी निरोपानिरोपी. त्याऐवजी मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार चौकोन करा. बांध दोनच. निरोप फक्त २४ ठिकाणी! काम तेवढंच, बोलणं कमी.

दुसरी युक्ती. बांधालगतच्या घरांचं गणित आधी करायचं, उत्तर शेजाऱ्याकडे धाडायचं आणि ते वाटेत असताना आपल्या आतल्या घरांचं गणित उरकायचं. वाट बघत रिकामं बसायचं नाही.

तिसरी युक्ती ऐकून नवल वाटेल. सुमी आणि गणू दोघांनाही खळ हवी आहे. खळ करायला ५ मिनिटं आणि दुसऱ्या वाडीला पोचवायला १५. मग दोघांनी आपापल्या घरी वेगवेगळी खळ करावी हेच बरं! एकच काम दोनदा केलं, तरी वेळ वाचला. संगणकातही कधी कधी असंच करतात.

या युक्त्यांची गरज वाढतेच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्का’ हा सुपरकॉम्प्युटर आला. २०२५ पासून देशाच्या हवामानाचं गणित ६ किलोमीटरच्या घरांवर होऊ लागलं. त्याआधी घर १२ किलोमीटरचं होतं. घराची बाजू निम्मी झाली, की एका घराची चार घरं होतात. घरं वाढली, की बांधही वाढले आणि निरोपही! नुसते प्रोसेसर वाढवून भागत नाही. कोणतं काम कोणाजवळ ठेवायचं, हे आधी नीट ठरवावं लागतं.

तुमच्या वर्गातही करून बघा. पुढच्या वेळी काम वाटताना ‘कोण किती करणार’ एवढंच विचारू नका. ‘कोणाचं कोणावाचून अडणार आणि ते दोघं किती लांब आहेत’ हेही विचारा.

आता तुमच्यासाठी कोडं. आईबाबांनीही सोडवायला हरकत नाही हं! गणूची वाट किती मिनिटांची असली, तर सुमीने एकटीने केलं काय आणि दोघांनी मिळून केलं काय, वेळ सारखाच लागेल? उत्तर पुढच्या अंकात.