उजेड कोणाचा?



यंदा नाताळ झाल्यावर गोरव्यातल्या आमच्या गच्चीवरून मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढला. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली धुरकट ठिपका दिसतो, तोच हा. ईयोबाच्या पुस्तकातही या नक्षत्राचा उल्लेख आहे. शहराच्या उजेडात तो ठिपका जेमतेम दिसतो, म्हणून तीस-तीस सेकंदांचे पुष्कळ फोटो घेऊन संगणकावर एकत्र केले. गुलाबी, जांभळे रंग उमटले. घरच्यांनी वाहवा केली.

पण मधोमध नुसता पांढरा डाग होता. तिथे चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन असायला हवा. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा हा सारा मेघ उजळतो. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनवर पडले की तो वायू गुलाबी प्रकाशतो. निळसर छटा धुळीवरून विखुरलेल्या ताऱ्यांच्या उजेडाची असते. 1880 साली हेन्री ड्रेपर यांनी 51 मिनिटं प्लेट उघडी ठेवून या मेघाचा पहिला फोटो घेतला, तेव्हापासून अडचण तीच आहे. मेघासाठी थांबावं तर तारा पांढराफटक होतो, ताऱ्यासाठी घाई करावी तर मेघच दिसत नाही.

फोटोतला तो डाग मला बोचला, त्याला कारण होतं. नाताळच्या कार्यक्रमात आभार मानताना माझं नाव राहून गेलं होतं. महिनाभर खुर्च्या, मंडप, गायनवृंदाचा चहा मी पाहिला होता. मनाला लागलं. दोन रविवार मिस्सेनंतर कोणाशी न बोलता घरी आलो.

आभार मानायला हवेत, यात शंका नाही. ज्यांच्या हाती माईक आहे त्यांनी यादी नीट करावी, झाडू मारणाऱ्यापासून सुरुवात करावी. पण सेवा करणाऱ्याने ती यादी ऐकत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्या कामाला रंग येतो तो खरा असतो, पण उजेड आपला नसतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला हे ठाऊक होतं. आपण प्रकाश नाही, प्रकाशाची साक्ष द्यायला आलो आहोत, हे तो विसरला नाही. मी मात्र स्वतःचे रंग इतके उजळवले की मधला तारा पुसला गेला.

पुढच्या निरभ्र रात्री मी एकेक सेकंदाचे फोटो वेगळे घेतले आणि मधल्या भागात बसवले. रंग थोडे मंदावले, पण चारही तारे दिसू लागले. हा फोटो मला जास्त खरा वाटतो.

या रविवारी खुर्च्या लावायला मी लवकर जाणार आहे. तुम्हीही या.