बंदुकीची माशी

गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडण्याच्या बंदुकीने ज्याची फजिती केली नाही, असा सोलापूरकर मला अद्याप भेटलेला नाही. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर पाळणे उभे राहतात, भज्यांचा वास सुटतो आणि माणूस चार चौघांत बंदूक हाती घेतो. नेम धरावा लाल फुग्यावर, तर फुटतो शेजारचा हिरवा. बहुधा फुटतच नाही. मागून मित्र विचारतो, "का बे, हात कापलालाय का?"

आमच्या अप्पांची गोष्ट निराळी. ते पहिला छर्रा मुद्दाम फळीच्या लाकडावर मारीत, तो कुठे रुतला ते पाहून घेत, आणि मग लाल फोडायचा असला की खुशाल निळ्यावर नेम धरीत. सहापैकी पाच फुगे! म्हणत, "माशी वाकडी असेना का, रोज तेवढीच वाकडी असली म्हणजे झालं."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. डोळ्याकडच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी बसवायची आणि माशीवर निशाण. नेमबाजी म्हणतात ती एवढीच. बाकी सगळा श्वास रोखून धरण्याचा भाग.

अप्पा गिरणीत हिशेबनीस होते. 1971 साली बोनसच्या पैशांतून त्यांनी हवेची बंदूक घेतली. जर्मनीच्या डायना कंपनीच्या जुन्या बंदुकांवरून आपल्याकडे नकला निघत, त्यांतलीच ती एक. नळी मध्यावर मोडायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबली जाते. अंगठ्याने छर्रा भरायचा, नळी पुन्हा सरळ करायची. एका वेळी एकच छर्रा. उतावळ्या माणसाचे ते कामच नव्हे.

घरात मात्र बंदुकीचे स्वागत झाले नाही. आजीने 1930 सालचे सोलापूर डोळ्यांनी पाहिलेले. मे महिन्यातला गोळीबार, मग मार्शल लॉ, आणि 12 जानेवारी 1931ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी. "बंदूक म्हटलं की मला तेच दिवस आठवतात," असे म्हणून ती आत निघून गेली. अप्पांनी तिला समजावले, की 1878च्या कायद्याने इंग्रजांनी आपल्या हातून हत्यारे काढून घेतली, आणि 1930च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक होती. आजीने आतूनच विचारले, "गांधीजींनी स्वतः घेतली का?" विषय तिथेच मिटला. पाखरू मारायचे नाही, एवढ्या अटीवर बंदूक घरात राहिली. दर रविवारी परसात कडुलिंबाखाली कागदावर नेमबाजी चाले.

आता माझा गुन्हा. 1974 साली मी अकरा वर्षांचा होतो. घरची मंडळी बार्शीला लग्नाला गेलेली. मी बंदूक काढली आणि ती हातून सुटून शहाबादी फरशीवर पडली. मागच्या खाचेची पट्टी वाकली. मी खलबत्त्यातला बत्ता आणून ती ठोकून सरळ केली. दिसायला अगदी पहिल्यासारखी!

पुढच्या रविवारी अप्पांचा एक छर्रा डावीकडे, दुसरा खाली, तिसरा कागदाबाहेर. पट्टी नुसती वाकडी असती तर अप्पांनी ती ओळखली असती. पण ठोकण्याने तिचा रिव्हेट सैल झाला होता आणि दर बाराला ती नव्याने हलत होती. अप्पांनी चष्मा पुसला. तीन रविवार पुसला. वय शेहेचाळीस, चाळिशी नुकतीच लागलेली. चौथ्या रविवारी म्हणाले, "डोळे गेले आता," आणि बंदूक चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. मी कडुलिंबामागे उभा होतो. तोंड उघडले नाही. 1998 साली अप्पा गेले, तोवर नाही.

2024च्या दिवाळीच्या साफसफाईत ती चादर खाली आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने, रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाने, 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा आम्ही सारे घर टीव्हीपुढे बसलो होतो. त्याच्या रायफलीला मागे खाच नव्हती, बारीक भोकाची चकती होती. ती मनात राहून गेली होती, कारण अप्पांच्या बंदुकीची खाच आता मलाच दिसेना. उतारवयात खाच, माशी आणि निशाण या तिन्ही अंतरांशी डोळ्याचे जमत नाही. बारीक भोकातून मात्र जवळचे-लांबचे दोन्ही बरे दिसते. चष्मा सापडत नसला की आपण मुठीच्या फटीतून घड्याळ पाहतो, तेच. शिवाय गोलातून पाहताना मध्य शोधावा लागत नाही, डोळा आपोआप तिथे जातो.

पूर्व भागात यंत्रमागाचे सुटे भाग करणारा एक मिस्त्री आहे. त्याने बंदूक हातात घेतली आणि नखाने ती जुनी पट्टी हलवली.

"हे हललालंय बघा मालक. कुणीतरी ठोकलंय ह्याला."

"लहान मुलानं," मी म्हणालो.

त्याने माझ्या पिकल्या केसांकडे पाहिले आणि पुढे विचारले नाही. धोट्याच्या डोळ्याएवढे भोक हवे म्हटल्यावर हसला. "धोट्याचा डोळा लई मोठा, मालक. हे सुईचं नेढं झालं." पितळेच्या चकतीला त्याने 1 मिलिमीटरचे भोक पाडले. नळकांड्याच्या आत दट्ट्या पळतो, म्हणून त्याला भोक न पाडता चकती बाहेरून पट्टीने आवळून बसवली. वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायला दोन स्क्रू. नळीच्या सांध्याचा बोल्टही पिळला, कारण चकती मागच्या धडावर आणि माशी पुढच्या नळीवर; मधला सांधा ढिला तर सगळेच व्यर्थ.

जुनी खाच माशीपासून 45 सेंटीमीटरवर होती, चकती 80वर. या अंतराला फार महत्त्व. पूर्वी खाचेत 1 मिलिमीटर चूक झाली तर 10 मीटरवर छर्रा 22 मिलिमीटर भरकटे, आता साडेबारा. पण चकती उंच बसल्याने पहिले सगळे छर्रे 5 सेंटीमीटर वर गेले. मागचा भाग उचलला की छर्रा वर जातो, पुढची माशी उचलली की खाली येतो. मिस्त्रीने मनातल्या मनात भागाकार केला आणि माशी 4 मिलिमीटरने उंच करून दिली. जाता जाता जुनी पट्टीही नवा रिव्हेट मारून घट्ट केली. पैसे मागितले ते चहाच्या वर थोडेच.

परसात मागे आडोशाला जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला. (या साप्ताहिकाचा एकही त्यात नव्हता, याची संपादकांनी खात्री बाळगावी.) चकतीतून मी पाच छर्रे मारले, पाचही पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले. मग नातीला अप्पांच्या जुन्या खाचेतून मारायला दिले. तिचे डोळे नऊ वर्षांचे. तिचेही छर्रे एकाच जागी!

चादरीच्या घडीत अप्पांचा शेवटचा कागद होता. भोके चहूकडे विखुरलेली आणि कोपऱ्यात हिशेबनिसाच्या अक्षरात एकच ओळ : "चष्म्याचा नंबर तपासून घेणे."

तो घेऊन मी आईकडे गेलो. तिला आता एकोणनव्वदावे लागले आहे. पन्नास वर्षांचे सगळे एका दमात सांगून टाकले. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, परत दिला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "बत्त्यावर मशीनचं तेल होतं. वेलदोडे कुटले, तर श्रीखंडाला वास आला."

"मग अप्पांना सांगितलं का नाहीस?"

"मी कशाला सांगू? सासूबाईंना त्या बंदुकीची किती धास्ती होती. आपोआप सुटतेय, तर सुटू दे म्हटलं." थोडा वेळ ती कागदाकडे बघत राहिली. "नंबर मात्र त्यांनी तीनदा तपासून घेतला रे. तीनदा तोच निघाला."

परसातून नातीने हाक मारली. तिला आणखी छर्रे हवे होते.