क्रीडा कार्डांचे श्रेणीकरण आणि घाऊक सेवेचा वाद

क्रीडा कार्डांचे श्रेणीकरण म्हणजे खेळाडूंची चित्रे असलेल्या संग्राह्य कार्डांची सत्यता व भौतिक स्थिती त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेऊन त्यांना ठरावीक श्रेणी देण्याची पद्धत होय. हा व्यवसाय मुख्यतः अमेरिकेत विकसित झाला. तपासलेले कार्ड कठीण, पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोहोरबंद वेष्टनात ठेवले जाते. या वेष्टनास ‘स्लॅब’ म्हणतात व त्यावर श्रेणी आणि प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असतो. एकाच वेळी पुष्कळ कार्डे पाठवणाऱ्या ग्राहकांस कमी दरात मिळणारी सेवा ‘घाऊक सेवा’ म्हणून ओळखली जाते. घाऊक ग्राहकांच्या कार्डांना किरकोळ ग्राहकांच्या कार्डांपेक्षा उदारपणे श्रेणी दिली जाते, असा आरोप संग्राहकांकडून वारंवार होत आला आहे. श्रेणीकरण संस्था प्रसिद्ध करत असलेल्या माहितीवरून हा आरोप सिद्ध करता येत नाही, तसाच तो खोडूनही काढता येत नाही.

पार्श्वभूमी

‘प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर’ (पीएसए) ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी संस्था १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिचे संस्थापक डेव्हिड हॉल यांनी त्यापूर्वी १९८६ मध्ये नाण्यांच्या श्रेणीकरणासाठी ‘पीसीजीएस’ ही संस्था इतरांसह स्थापन केली होती. पुढे १९९८ मध्ये एसजीसी आणि १९९९ मध्ये बेकेट यांनी ही सेवा सुरू केली.

पीएसएची श्रेणी एक ते दहा अशी असते. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यस्थान या चार गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. बेकेट या चारही घटकांचे स्वतंत्र गुण स्लॅबवर छापू शकते, तर पीएसए एकच एकत्रित श्रेणी देते. मध्यस्थान मोजपट्टीने मोजता येते. कोपऱ्याची किंचित झीज किंवा पृष्ठभागावरील पुसट रेघ किती गंभीर मानायची, हा मात्र बऱ्याच अंशी परीक्षकाच्या निर्णयाचा भाग असतो.

नऊ आणि दहा या श्रेणींतील फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो, परंतु किमतीत तो मोठा असतो. मायकेल जॉर्डनचे १९८६ सालचे फ्लीअर कंपनीचे कार्ड दहा श्रेणीत असताना जानेवारी २०२१ मध्ये ७,३८,००० डॉलरला विकले गेले. त्याच कार्डाच्या नऊ श्रेणीतील प्रतीला या रकमेचा लहानसा अंशच मिळत होता.

घाऊक सेवेचे स्वरूप

श्रेणीकरणाचे शुल्क सामान्यतः कार्डाचे घोषित मूल्य आणि अपेक्षित कालावधी यांवर ठरते. घाऊक सेवेत प्रत्येक कार्डामागे शुल्क कमी असते. त्याबदल्यात किमान संख्येची व कमाल मूल्याची अट असते आणि वाट जास्त पाहावी लागते. व्यापाऱ्यांखेरीज, अनेक लहान संग्राहकांची कार्डे गोळा करून एकत्र पाठवणारे मध्यस्थही या सेवेचा वापर करतात.

घाऊक व्यवहाराचे गणित दहा श्रेणीच्या प्रमाणावर अवलंबून असते. काल्पनिक उदाहरण घेतल्यास, प्रत्येकी १० डॉलरला घेतलेली १०० कार्डे २० डॉलर शुल्क देऊन पाठवली, तर एकूण खर्च ३,००० डॉलर होतो. दहा श्रेणीचे कार्ड ८० डॉलरला व नऊ श्रेणीचे २५ डॉलरला विकले जाते आणि उरलेल्या सर्व कार्डांना नऊ श्रेणी मिळते असे धरू. चाळीस कार्डांना दहा श्रेणी मिळाल्यास १,७०० डॉलर नफा होतो, वीस कार्डांना मिळाल्यास ६०० डॉलर. पाचच कार्डांना मिळाल्यास २२५ डॉलर तोटा होतो. परीक्षणातील थोडीशी सैलता किंवा कडकपणाही व्यापाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो, तो यामुळे.

करोना साथीच्या काळात कार्डांना मोठी मागणी आली. नंतरच्या तीन दिवसांत जेवढी कार्डे आली तेवढी त्याआधीच्या तीन महिन्यांतही आली नव्हती, असे सांगून पीएसएने मार्च २०२१ च्या अखेरीस कमी दराच्या सेवांसह आपल्या बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवल्या. साचलेले काम उरकण्यास त्यानंतर दीर्घ काळ लागला.

वादाचे मुद्दे

एकाच मागणीतील कार्डांना बहुधा लागोपाठचे प्रमाणपत्र क्रमांक मिळतात आणि कोणत्याही क्रमांकाची श्रेणी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते. अशा क्रमांकांच्या मालिकेत दहा श्रेणीचे प्रमाण असाधारण दिसले की पक्षपाताचा संशय व्यक्त होतो. तथापि, याचे दुसरे स्पष्टीकरणही तितकेच संभवनीय आहे. अनुभवी व्यापारी भिंगाखाली प्रत्येक कार्ड पाहून सदोष प्रती आधीच बाजूला काढतो. हौशी संग्राहक स्वतःजवळ आहे तेच कार्ड पाठवतो. त्यामुळे परीक्षण पूर्णतः निःपक्षपाती असले, तरी व्यापाऱ्याचा निकाल सरस येणारच. निवड आणि पक्षपात यांचा बाह्य परिणाम सारखाच दिसतो.

परीक्षकास ग्राहकाचे नाव कळू दिले जात नाही, असे संस्था सांगतात. ही तरतूद आवश्यक असली तरी पुरेशी ठरत नाही. एकाच खेळाडूच्या एकाच कार्डाच्या शंभर प्रती समोर आल्यास, त्या किरकोळ संग्राहकाच्या नसाव्यात हे नावाविनाही ओळखता येते. अशा वेळी प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या जाण्याची शक्यताही असते. सरस प्रतींच्या गठ्ठ्यातील साधारण प्रत त्यामुळे अधिक कडकपणे तपासली जाऊ शकते. म्हणजेच गठ्ठ्याचा परिणाम नेहमी घाऊक ग्राहकाच्या बाजूनेच होईल, असे नाही.

काही सेवांमध्ये ग्राहकाला किमान श्रेणीची अट घालता येते. त्याखालील कार्डे स्लॅबमध्ये न घालता परत केली जातात. कोणत्या कार्डाच्या किती प्रती कोणत्या श्रेणीत आहेत हे सांगणाऱ्या ‘संख्या अहवाला’त अशी कार्डे येत नाहीत. उलट, वरच्या श्रेणीच्या आशेने स्लॅब फोडून पुन्हा पाठवलेले कार्ड, जुनी नोंद रद्द न केल्यास, दोनदा मोजले जाते. हा अहवाल कार्डे मोजतो. ती कोणी व कोणत्या सेवेतून पाठवली हे सांगत नाही. वादाचा निकाल लागण्यासाठी नेमकी हीच माहिती हवी असते.

हितसंबंधांचा प्रश्न

श्रेणीमुळे कार्डाचे मूल्य सेवेच्या मर्यादेबाहेर गेल्यास पीएसए वाढीव शुल्क आकारते. श्रेणी देणाऱ्या संस्थेचे उत्पन्न अशा प्रकारे श्रेणीशी जोडले जाते. मूळ कंपनी ‘कलेक्टर्स’ने २०२१ मध्ये गोल्डिन ही लिलावसंस्था विकत घेतली व २०२४ मध्ये ती ईबेला विकली. मधल्या काळात श्रेणी देणारा आणि लिलाव करणारा यांची मालकी एकच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये कलेक्टर्सने एसजीसीही विकत घेतली. त्यामुळे असमाधानी संग्राहकाला उपलब्ध असलेला एक स्वतंत्र पर्याय कमी झाला.

नाण्यांच्या क्षेत्रात हा प्रश्न आधीच उद्भवला होता. श्रेणीकरण सुसंगत व वस्तुनिष्ठ असल्याच्या जाहिरातींवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० मध्ये पीसीजीएसविरुद्ध कारवाई केली. संस्थेने दोष मान्य न करता तडजोड स्वीकारली. कार्डांच्या क्षेत्रातील सर्वांत ठळक उदाहरण होनस वॅगनर या बेसबॉलपटूच्या ‘टी२०६’ कार्डाचे आहे. पीएसएने श्रेणी दिलेले हे पहिले कार्ड असून त्यास आठ श्रेणी मिळाली होती. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. या प्रकरणाचा घाऊक सेवेशी संबंध नाही. परंतु स्लॅबवरील आकडा हे एक मत असते आणि ते चुकू शकते, हे त्यातून दिसून आले.

सुधारणा आणि मर्यादा

पीएसएने एप्रिल २०२१ मध्ये संगणकीय प्रतिमा-विश्लेषण करणारी जेनामिंट ही कंपनी विकत घेतली. टीएजी ही संस्था संगणकाधारित गुणांकन करून प्रत्येक दोषाचा तपशीलवार अहवाल देते. यंत्रामुळे मोजमापात सातत्य येऊ शकते आणि पूर्वी पाहिलेले कार्ड ओळखता येते. मात्र कोणत्या दोषाला किती महत्त्व द्यायचे, हे माणसांनीच ठरवलेले असते.

निःपक्षपातीपणाची कसोटी घेण्याचे साधे मार्ग उपलब्ध आहेत. सेवाप्रकारानुसार दहा श्रेणीचे प्रमाण प्रसिद्ध करणे, गठ्ठ्यातील कार्डे निरनिराळ्या परीक्षकांकडे विखरून देणे, तसेच तीच कार्डे एकदा गठ्ठ्यातून व एकदा सुटी, परीक्षकांच्या नकळत पुन्हा तपासून निकालांतील तफावत जाहीर करणे, हे त्यांपैकी काही होत. यांतील शेवटचा मार्ग विशेष उपयुक्त आहे, कारण कार्ड तेच राहिल्यामुळे निवडीचा प्रभाव वगळला जातो आणि उरलेला फरक केवळ परीक्षणाचा ठरतो. अशी आकडेवारी उपलब्ध नसेल, तोवर प्रत्येक कार्डामागे जास्त शुल्क देणाऱ्या लहान संग्राहकाला संस्थेच्या आश्वासनावरच विसंबून राहावे लागते.