पॅराफिन वाईट नाही, लपवलेलं पॅराफिन वाईट



मागच्या बॅचमध्ये एक ताई स्वतः बनवलेला लिप बाम दाखवायला घेऊन आल्या. डबी छान, लेबल छान. लेबलवर ठळक अक्षरात ‘१०० टक्के नैसर्गिक, शुद्ध मधमाशीच्या मेणापासून’. मी सहज विचारलं, मेण कितीला आणलं? त्यांनी सांगितलेला भाव ऐकूनच शंका आली. त्या भावात मधमाशीचं मेण मिळत नाही, पॅराफिन मिळतं. नमुना लॅबला पाठवला आणि शंका खरी निघाली. प्रदर्शनासाठी ३०० डब्या भरून तयार होत्या.

ताईंचा पहिला प्रश्न, “सर, म्हणजे मी लोकांच्या ओठांना विष लावत होते का हो?”

या भीतीला थोडा मीही जबाबदार आहे. एका जुन्या व्हिडिओत मी “पॅराफिन म्हणजे पेट्रोल, हात लावू नका” असं बोलून गेलो होतो. असं बोललं की व्ह्यूज येतात. पण ते चूक होतं, म्हणून हा लेख.

आधी पॅराफिन समजून घ्या

कच्च्या तेलातून वंगण तेल काढताना जो मेणचट भाग वेगळा होतो, तो शुद्ध करून पॅराफिन वॅक्स बनतं. हे नाव १८३० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फॉन रायखेनबाख यांनी दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘फारशी जवळीक नसलेला’. म्हणजे कुणाशी चटकन रासायनिक नातं न जोडणारा. हाच त्याचा मोठा गुण. ते खवट होत नाही, वास मारत नाही. त्वचेवर थर धरून आतलं पाणी उडू देत नाही. म्हणून लिपस्टिक, क्रीम, मलम यांत ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. सांधेदुखीसाठी फिजिओथेरपीत कोमट पॅराफिनमध्ये हात बुडवतात, पार्लरमध्ये पॅराफिन पेडिक्युअर होतं, तेही हेच.

आणि मेण आपल्याला नवीन थोडंच आहे? आजीच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची. कपाळाला आधी मेण, मग त्यावर कुंकू. ते मधमाशीचं असायचं, पण काम तेच: चिकटून राहणं, थर धरणं.

मग अडचण कुठे आहे?

पहिली, दर्जाची. ‘फुल्ली रिफाइन्ड’ मेणात तेलाचं प्रमाण साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असतं. ‘सेमी रिफाइन्ड’मध्ये जास्त. ‘स्लॅक वॅक्स’ तर जवळजवळ कच्चा माल, त्यात तेल बरंच असतं आणि नको ते घटकही राहू शकतात. मेणबत्तीवाल्याकडची लादी मेणबत्तीसाठी ठीक आहे, ओठांसाठी नाही. टाचांच्या भेगांसाठी मेणबत्ती खोबरेल तेलात वितळवायचा घरगुती उपाय बऱ्याच जणांना माहीत असेल. तो विकायच्या मालात आणू नका.

दुसरी, कामाची. नुसतं पॅराफिन ठिसूळ असतं आणि तेल नीट धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात नागपूर-जळगावला पाठवलेल्या डबीवर तेलाचे थेंब दिसतात, त्याला ‘घाम येणं’ म्हणतात. सोबत थोडं मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स किंवा मधमाशीचं मेण घातलं तर बरंच सुधारतं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, लपवण्याची. मधमाशीचं मेण कितीतरी पट महाग, म्हणून त्यात पॅराफिनची भेसळ होते. वितळवून ओळखू म्हणाल तर जमत नाही. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं आणि पॅराफिनही त्याच्या आसपासचं मिळतं. खात्री लॅबमध्येच होते. ‘सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू’ तपासून घ्या. मधमाशीचं मेण अल्कलीशी काही प्रमाणात क्रिया करतं, पॅराफिन करत नाही. शुद्ध मेणाचा आकडा साधारण ८७ ते १०४ असतो. ताईंच्या मेणाचा ४० च्या आसपास आला.

म्हणून ताईंना मी उत्तर दिलं, विष म्हणता येणार नाही, पण सुरक्षित आहे असंही सांगता येणार नाही. जे पॅराफिन चोरून मिसळलंय, ते कुठल्या दर्जाचं हे आता कोण सांगणार? खरं लेबल लावूनसुद्धा त्या ३०० डब्या विकता येत नव्हत्या. ताईंनी त्या बाजूला काढल्या. नुकसान पुरवठादाराचं नाही झालं, ताईंचं झालं. कारण डबीवर नाव ताईंचं होतं.

माझं मत स्पष्ट आहे

पॅराफिन वापरायचं तर उघडपणे वापरा. कॉस्मेटिक दर्जाचं, फुल्ली रिफाइन्ड घ्या. प्रत्येक बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे सीओए, मागा. पुरवठादार टाळाटाळ करत असेल तर दुसरीकडे जा. घटकांच्या यादीत ‘पॅराफिन’ छापा. आणि मग ‘१०० टक्के नैसर्गिक’ छापू नका. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही बसत नाही. सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायची तर लायसन्स लागतंच, घरून करत असाल तरी. त्यावर वेगळा व्हिडिओ आहेच.

पेट्रोलियम नकोच असं कुणाचं मत असेल तर तेही मान्य. त्यांच्यासाठी मधमाशीचं मेण घ्या, किंवा आपल्या कोकणातलं कोकम तेल. भेगांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. पण लक्षात ठेवा, व्हीगन ग्राहकाला आणि अनेक जैन ग्राहकांनाही मधमाशीचं मेण चालत नाही. सगळ्यांना चालेल असा घटक नसतोच. आपण काय विकतोय हे सांगणं मात्र आपल्या हातात असतं.

ताईंनी आता दोन वस्तू केल्यात. तपासलेल्या मधमाशीच्या मेणाचा लिप बाम, जरा महाग. आणि पॅराफिनचं टाचांचं मलम, स्वस्त, घटक लेबलवर छापलेले. दोन्हींचे सीओए फाइलला लावलेत.

तुम्ही शेवटचं मेण घेतलं त्याचा सीओए तुमच्याकडे आहे का? आज शोधून बघा. नसेल तर पुढची बॅच ओतण्याआधी पुरवठादाराला फोन लावा.